दोनशे चौदा अंशांवरचं धुकं

सकाळी सव्वापाचला जाग येते. एकोणीस उन्हाळ्यांत मला गजर लावावा लागलेला नाही. मनोऱ्यावरच्या या खोलीसारख्या चारही बाजूंना काचा असल्या की उजेड माणसाला झोपू देत नाही. शेगडीवर कॉफीचं पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत वर्तमानपत्राच्या ओल्या बोळ्याने काचा पुसून घ्यायच्या, आधी आतून, मग सज्ज्यावर जाऊन बाहेरून. सज्ज्याच्या जमिनीत जिन्याच्या तोंडाशी जाड फळ्यांचं एक झाकण आहे. मी वर असले की ते बंद असतं आणि त्याला वरून कडी असते. अस्वलांना त्रेचाळीस पायऱ्या चढायला काहीच त्रास होत नाही. साडेसातला रेडिओवर हजेरी द्यायची आणि आठला फोटो काढायचा.

हा फोटो दररोजचा. तिपाईचे तीन पाय सज्ज्यावर रंगवलेल्या तीन लाल खुणांवर ठेवायचे, कॅमेरा दक्षिणेकडून किंचित पश्चिमेला वळवायचा आणि कशालाही हात न लावता एकदाच बटण दाबायचं. समोर डोंगरांच्या चार रांगा आहेत : चार मैलांवर, अकरा मैलांवर, तेवीस मैलांवर आणि अगदी मागे, पन्नास मैलांवर, करवतीच्या दात्यांसारखी शिखरं. किती रांगा दिसतात त्यावरून हवेत धूर किती आहे ते खालच्या वनकार्यालयातले लोक ठरवतात. यंदा ऑगस्ट उजाडला तेव्हा पश्चिमेकडे तीनशे मैलांवर रानं पेटलेली होती आणि त्यांचा धूर आमच्यावर येऊन बसला होता. दोन रांगा दिसत, तिसरी नुसती असल्यासारखी वाटे. उन्हाला पिवळट, जुन्या चिकटपट्टीसारखा रंग आला होता. घसा सकाळपासूनच खवखवे.

मी रूना त्वेट. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांच्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या या सॉरेल शिखरावर, वणवे टेहळण्यात काढल्या. निवृत्तीनंतरही येत राहिले. जे मोजता येत नाही त्याबद्दल फारसं बोलायची मला सवय नाही. म्हणून पुढचं सगळं ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने लिहिते आहे.

चार ऑगस्टच्या दुपारी त्या सकाळचा फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, तेव्हा टॅलो नाल्याच्या दरीत एक पांढरी रेघ दिसली. बोटभर उंच, वर जाताना थोडी डावीकडे कललेली. अंश कोरलेल्या अग्निशोधक चकतीवरून नजर लावून त्या जागेची दिशा मोजली. दोनशे चौदा अंश, अंतर सहा मैल. दुर्बिणीने पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी जळालेल्या झाडांचे काळे खांब, आणि त्यांच्या पायाशी राखेवर सर्वांत आधी उगवणारी ती जांभळट गुलाबी फुलं.

भिंगावर डाग असेल असं समजून मी भिंग पुसलं. पाच तारखेच्या फोटोत रेघ होतीच, आणि किंचित उंच झाली होती.

इथे खोट्या धुराला पाणकुत्रा म्हणतात. पाऊस पडून गेल्यावर दरीतून वाफेचे लोट उठतात आणि ते धुरासारखेच दिसतात. नव्या माणसाने पाणकुत्रा पाहून आग लागल्याचं कळवलं, की पुढचे कित्येक दिवस शिखराशिखरांवरचे टेहळे संध्याकाळच्या रेडिओवर त्याच्यासाठी भुंकतात. पण यंदा महिनाभर पाऊस नव्हता. वाफ यायची कुठून?

सहा तारखेला मी फोटो आणखी मोठा केला. रेघेच्या बुडाशी झाडं हिरवी होती.

काळे खांब कुठेच नव्हते. उतारभर दाट, जिवंत रान उभं होतं. नाल्याच्या तोंडाशी, रान संपतं तिथे, पत्र्याचं एक तांबडं छप्पर होतं.

ते छप्पर माझ्या थोरल्या भावाचं. एस्किलचं.

एस्किलने ते घर बांधलं त्याच वर्षी आमच्यात एक रीत पडली. तिथे फोन पोचत नाही. म्हणून सकाळी आठला तो ओसरीवर दाढीचा आरसा धरून माझ्या दिशेने ऊन पाडायचा. मी माझ्या आरशाने उत्तर द्यायची. एकदा चमकलं की सगळं ठीक. तीनदा चमकलं की गाडी काढ आणि पूल ओलांडून गावाकडे जा. सोळा वर्षांत तीनदा चमकवायची वेळ कधी आली नाही. आठच्या फोटोसाठी मी हीच दिशा का निवडली होती, हे कार्यालयाने कधी विचारलं नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सतरा ऑगस्टला, आठ वाजता, टॅलोच्या दरीत मला एक पांढरी रेघ दिसली होती. त्याच्या चारच दिवस आधी मी एक पाणकुत्रा आग म्हणून कळवला होता. सहाजणांची तुकडी चार तास चढून गेली आणि वाफ बघून परत आली. सलग तीन संध्याकाळी माझ्यासाठी भुंकणं झालं होतं. म्हणून त्या सकाळी मी थांबले. नोंदवहीत लिहिलं, "आठ वाजता. दोनशे चौदा अंश. धुकं." तेवढ्यात खालून आरसा चमकला. मी माझा आरसा उचलला आणि एकदा चमकवला.

आठ एक्केचाळीसला ती रेघ तपकिरी झाली तेव्हा मी आग कळवली. नऊच्या सुमारास पूल गेला. एस्किलची गाडी पुलापाशी सापडली, आणि एस्किल गाडीपासून थोडा मागे, घराच्या दिशेला. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं की मृत व्यक्तीने निघण्यास विलंब केला. माझी वही कोणी मागितली नाही. आरशाचं तर कोणाला ठाऊकच नव्हतं.

मी कार्यालयात दिलेल्या त्या दिवसाच्या फोटोची प्रत माझ्याकडे होती. ती मी चार ऑगस्टच्या फोटोशेजारी ठेवली. रेघेची उंची, कल, उतारावर पडलेली कड्याची सावली, सगळं जुळत होतं. छपरापाशी टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपकासुद्धा दोन्हींत होता. पाच तारखेच्या फोटोत सावली थोडी सरकली होती. सहाच्या फोटोत आणखी थोडी. पट्टी घेऊन मोजलं. रोजचा फोटो त्या सकाळच्या तीन मिनिटांनी पुढे जात होता.

आठ तारखेच्या फोटोत छपरापाशी पुन्हा ठिपका होता.

मी पट्टीने पुन्हा मोजलं. आठ तारखेचा फोटो म्हणजे आगीच्या सकाळची आठ वाजून बारा मिनिटं. एस्किलने आठ बाराला पुन्हा आरसा दाखवला होता, आणि हे मला तीन वर्षं ठाऊक नव्हतं. आठ बाराला मी कुठे होते ते मात्र नीट आठवत होतं. आत, रेडिओपाशी, खिडकीकडे पाठ करून. शेजारच्या बकहॉर्न शिखरावरच्या ओटिसला विचारत होते, "टॅलोत तुला काही दिसतंय का रे?" आणि ओटिस म्हणाला होता, "रूनाबाई, पुन्हा पाळलात का एखादा? खायला काय घालता त्याला?" मग तो भुंकला होता. मी हसले होते.

दहा तारखेच्या फोटोत ठिपका तिसऱ्यांदा होता.

त्या संध्याकाळी मी ओटिसला रेडिओवर विचारलं, "टॅलोचे या आठवड्यातले तुझे फोटो आहेत?"

"आहेत की. कोळसा आणि फुलं. का हो?"

"धूर दिसतो?"

ओटिस चौऱ्याहत्तरचा आहे आणि गप्प राहणं त्याला जमत नाही.

"नाही," तो म्हणाला. "रूनाबाई, जेवण झालं का? नुसत्या बिस्किटांवर राहू नका."

अकरा तारखेला दुपारी मारेन आली. मारेन एस्किलची मुलगी. दर पंधरवड्याला पाच खेचरांवर सामान लादून ती नऊ मैलांची वाट चढते. झाकणावर काठी आपटून तिने खालून हाक मारली, "आत्या, उघडा! अस्वल टोमॅटो घेऊन आलंय."

तिने अंडी, टोमॅटो, गॅसची टाकी आणि टपाल वर आणलं आणि एका दमात दोन पेले पाणी प्यायली. मग बाहेर बघत म्हणाली, "काय हवा आहे ही! खेचरंसुद्धा खोकतायत. खालच्या वाटेने आले आज, पुलावरून. नवा पूल चांगला केलाय. लोखंडी." पेला खाली ठेवत म्हणाली, "बाबांना आवडला नसता. म्हणाले असते, खेचरांच्या पायांना गरम लागतं."

"म्हणालाच असता."

"हट्टी माणूस. नाकासमोर रान पेटलंय आणि हा बसलाय ओसरीवर. वास नसेल आला? मी काय कमी वेळा सांगितलं होतं, धूर दिसला की निघा म्हणून? कोणाचं ऐकायचं नाही म्हणजे नाही."

हे ती दर खेपेला म्हणायची. मी दर खेपेला टोमॅटो धुवायला घ्यायची. त्या दिवशी मी संगणक उघडला आणि तिच्यासमोर सरकवला.

तिने फोटो पाहिला. "हा कधीचा? घर दिसतंय की. जुना ना?"

"कोपऱ्यातली तारीख वाच."

तिने वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी तिला सांगितलं. पाणकुत्रा, वहीतला शब्द, एक्केचाळीस मिनिटं, आरसा. एकदा चमकवला हे सांगितलं. त्याने आणखी दोनदा विचारलं आणि माझी पाठ होती, हेही सांगितलं. माझा आवाज वर्गात असायचा तसाच होता. त्याची मला लाज वाटली, पण दुसरा आवाज सापडेना.

मारेन रडली नाही. बोटांनी टेबलाची कड घासत राहिली.

"म्हणजे ते तुमची वाट बघत होते."

"हो."

"तीन वर्षं मी त्या माणसाशी भांडतेय, आत्या. रोज. गाडी चालवताना, भांडी घासताना. इतकं वाईट बोललेय मी त्यांना." ती उठली. "मी खाली खेचरांपाशी झोपते."

सकाळी पावणेआठला ती खोगीरं बांधत होती. आकाश मळकट होतं, पण पूर्वेकडे सूर्य दिसत होता, आणि तेवढं ऊन आरशाला पुरतं. मी तिपाई खुणांवर ठेवली आणि आठला बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर फोटो पाहिला. हिरवं रान. रेघ. ठिपका.

त्याने चौथ्यांदा विचारलं होतं.

मी रेडिओ उचलला.

"मुख्य केंद्र, सॉरेल बोलतेय. धुराची सूचना."

"बोला, सॉरेल."

"दोनशे चौदा अंश. सहा मैल. टॅलो नाला, मधला उतार. रंग पांढरा, कल डावीकडे. खालच्या बाजूला वस्तीचं एक घर."

तिकडच्या मुलीची लेखणी थांबल्याचं मला कळलं. "सॉरेल, टॅलोत घर नाही. जळून गेलंय ते सगळं. धूर तुम्हाला डोळ्यांनी दिसतोय का?"

"आत्ताच्या फोटोत दिसतोय. तसंच लिहून घ्या."

"बकहॉर्न, तुम्ही ऐकताय? दुसरा अंश देता येईल?"

एका शिखरावरून फक्त दिशा कळते. दोन शिखरांवरच्या रेषा जिथे छेदतात, तिथे आग. ओटिसने श्वास घेतलेला ऐकू आला.

"मला दिसत नाहीये," तो म्हणाला. "पण त्या घराचा अंश मला पाठ आहे. तीन वर्षं पाठ आहे. एकशे एकतीस."

"बकहॉर्न, दिसतंय की नाही दिसत?"

"रूनाबाईंना दिसतंय. लिही पोरी."

मी आरसा घेऊन सज्ज्यावर आले. ऊन पकडलं, समोरच्या काळ्या दरीवर धरलं. एकदा. दोनदा. तीनदा.

काहीच झालं नाही. खांब, फुलं, धूसर हवा.

"पुन्हा करा," खालून मारेन म्हणाली. एक हात खेचराच्या मानेवर ठेवून ती दरीकडे बघत होती. "हळू करा, आत्या. त्यांना मोजायला वेळ लागतो."

मी पुन्हा केलं. हळू.

मारेन आणखी थोडा वेळ उभी राहिली, मग पाचही खेचरं घेऊन वळणाआड गेली. मी नियमाबाहेरचा एक दुसरा फोटो काढला.

हेलिकॉप्टर दरीवरून दोन फेऱ्या मारून परत गेलं. कार्यालयाने कळवलं की हंगाम संपला की बोलू. मी वहीत त्या सतरा ऑगस्टची खरी नोंद केली आणि चौकशी करणाऱ्यांना द्यायचं पत्र लिहून ठेवलं. त्या संध्याकाळी रेडिओवर कोणीही भुंकलं नाही.

दुसरा फोटो मी दिवेलागणीला पाहिला. दरी काळी होती. हिरवं रान नव्हतं, रेघ नव्हती, छप्परही नव्हतं. मी त्याला दुसऱ्यांदा गमावलं होतं, असंच वाटलं. ठिपका मात्र होता. घरापाशी नव्हे. पुलाच्या अलीकडे.

दुसऱ्या दिवशी तो आणखी अलीकडे होता. वाट जिथे झाडीत शिरते तिथे.

मी नकाशावर खुणा करत गेले. वाट नऊ मैलांची. ठिपका रोज मैलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास चाले, कधी त्याहून कमी. एस्किलचा उजवा खुबा दुखायचा. चढावर तो दर शंभर पावलांना थांबायचा आणि झाडाला टेकून, दुखत नाही असं दाखवत, पक्ष्यांची नावं सांगायचा. ऑगस्ट संपेपर्यंत ठिपका वाटेवरच्या लाकडी फाटकापाशी आला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाच वळणं संपवून वर आला. दोन दिवस तो एकाच जागी होता. तिथे बसायला एक मोठा सपाट दगड आहे.

दुर्बिणीत वाट रिकामीच दिसे.

तो कशासाठी येतो आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. आरशात दोनच गोष्टी सांगता येतात. सगळं ठीक, किंवा नीघ. एक्केचाळीस मिनिटांबद्दल विचारायला त्यात खूण नाही. त्यासाठी माणसाला समोर यावं लागतं.

अकरा सप्टेंबरला पहिला पाऊस झाला. हवा धुतली गेली आणि कित्येक आठवड्यांनी चारही रांगा दिसल्या. हंगाम संपल्याची सूचना आली. चौदाला मारेन खेचरं घेऊन मला न्यायला येणार होती.

बाराच्या फोटोत ठिपका झऱ्यापाशी होता. मी पाणी भरते तो झरा मनोऱ्यापासून दोनशे पावलांवर आहे.

तेरा तारखेला मी बटण दाबलं. फोटो कोरा होता. चारही कोपऱ्यांपर्यंत नुसता पांढरा. आरशाचं ऊन अगदी जवळून डोळ्यांवर पडावं तसा.

मी रेडिओवर मारेनला हाक दिली. महिनाभरात ती माझ्याशी बोलली नव्हती. सामान टाकायलाही तिने दुसऱ्या माणसाला पाठवलं होतं.

"मारेन, उद्या नको येऊस. परवा ये."

"का?"

"थोडं काम आहे."

रेडिओत बराच वेळ नुसती खरखर होती.

"आत्या, तिथे कोणी आलंय का?"

"अजून नाही."

"बरं," ती म्हणाली. तिचा आवाज लहानपणच्यासारखा झाला होता. "परवा येते."

आज चौदा सप्टेंबर. सव्वापाचला जाग आली. कॉफीचं पाणी ठेवलं, काचा आतून आणि बाहेरून पुसल्या. पावणेआठला कॅमेऱ्याच्या भिंगावर टोपी लावली, तिपाई मिटून कोपऱ्यात ठेवली. वहीत लिहिलं, "आठ वाजता. चारही रांगा स्पष्ट. धुकं नाही. फोटो काढला नाही." टेबलावर दोन कप मांडले. एस्किल दोन चमचे साखर घ्यायचा. ती त्याच्या कपात घातली.

मग सज्ज्यावर गेले, जिन्याच्या तोंडावरची कडी काढली, आणि झाकण उचलून कठड्याला टेकवून ठेवलं.